हयातीचा दाखला

खडकी बाजारात माझं दुकान. बावीस वर्षं
पासपोर्ट फोटो: दोन्ही कान दिसले पाहिजेत,
मागे पांढरं, हसायचं नाही.
दर नोव्हेंबरला हीच म्हातारी माणसं येतात,
पेन्शनच्या कागदाला डकवायला
आपण अजून आहोत, एवढा पुरावा घेऊन जातात.

यंदा मंडळाचे रोषणाईतले पैसे उरले.
पोरांनी ठरवलं, गल्लीतल्या माजी सैनिकांचे
मोठे फोटो काढू, हॉलमध्ये लावू, खाली नाव, हुद्दा.
पडदा गेल्या वर्षीच्या देखाव्यातला, काळा मखमली,
चमकी झटकून झटकून निघेना.
अँथनी डिमेलो बसायच्या आधी
बघत राहिले त्याच्याकडे. म्हणाले, राहू दे रे,
पोस्टवरनं रात्री असंच दिसायचं.
राहू दिली.

"सरळ बघा" म्हटलं की जो तो सावधान.
खांदे मागे, हनुवटी वर, डोळ्यांत कुणीच नाही.
मग मी पाठ फिरवून उगाच लाईटशी खेळायचो,
त्यांच्या पाठीला स्टूल आठवेपर्यंत.

भोईटे हवालदारांनी पदकं आणली श्रीखंडाच्या डब्यातनं.
कुठलं कशाचं, ते विसरलेत.
बायको एकेक उचलून सांगत होती:
हे बर्फातलं. हे पुलाचं. हे सगळ्यांनाच दिलेलं.
सत्यभामा जगदाळे एकट्याच आल्या, हातावर कोट.
"हे मे महिन्यात गेले. पण यादीत नाव होतं,
म्हटलं जाऊन यावं."
कोट घातला त्यांनी, बाह्या दोनदा दुमडून.
त्या तेवढ्या हसल्या. मी अडवलं नाही.

सगळ्यांत शेवटी निवृत्ती खोपडे.
सुभेदार निवृत्ती, पुढे कंसात निवृत्त;
यादी लिहिणारी पोरं खिदळली, तेही खिदळले.
उजवा हात खिशात. बाहेर काढला तेव्हा कळलं का ते.
थरथरत्या बोटांत प्लास्टिकचं पाकीट,
पाकिटात पोस्टाच्या तिकिटाहून जरासा मोठा
तुळशीराम वाळुंज. साल एकाहत्तर. वय बावीस.

"याला म्हातारा करता येईल का हो, तुमच्या कॉम्प्युटरवर?
माझ्याएवढा?"

येतं.
येतं, हे मी सांगितलं नाही.

टेबल ओढलं, चहाच्या ग्लासाला टेकवून
तुळशीरामला उभा केला, मागे सुभेदार.
चेहऱ्यावर धरावं तर तुळशीराम धुकं,
तुळशीराम धरावा तर पन्नास वर्षं धुक्यात.
दोघंही स्पष्ट हवेत तर लेन्सचं भोक बारीक करावं लागतं,
भोक बारीक केलं की उजेडाला वेळ लागतो.
"सुभेदार, एक सेकंद. अजिबात हलायचं नाही."
"एक सेकंद काय," ते म्हणाले, "आम्ही तीन रात्री हललो नव्हतो."

अकरा वेळा काढला.
अकराही वेळा मान डुलली,
हात टेबलाच्या कडेवर पाण्यासारखा पसरला.

मंडळाची पोरं म्हणाली, हा नको, बिघडलाय.
त्यांनी तोच घेतला.
हॉलमध्ये दाराजवळ, मीटरच्या खोक्याशेजारी लागला,
कारण चांगल्या भिंती आधीच भरल्या होत्या.
नात बघून म्हणाली, आजोबा, तुम्ही हललात.
"मी हललोच," म्हणाले. "तो नाही हलला."

नोव्हेंबरात आले दुकानात, नेहमीसारखे.
पांढरा कागद, दोन्ही कान, हसणं नाही.
सेकंदाचा सव्वाशेवा भाग. एवढ्याशात थरथर मावत नाही,
कागदावर अगदी स्थिर आले.
चार कॉप्या, साठ रुपये.
सुट्टे मोजायला त्यांना बराच वेळ लागला.
मी घाई केली नाही.